जुन्या मोटारींचे ब्रेक आणि ॲस्बेस्टॉसची धूळ

आपल्या शाळेतून दहावी झाल्यावर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा व्यवसाय निवडणारी मुले प्रत्येक तुकडीत असतात. प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक असून पुढे त्याच व्यवसायाचा शिल्प निदेशक झाला. गेल्या दिवाळीनंतर एका माजी विद्यार्थ्याचा रात्री उशिरा दूरध्वनी आला. वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी त्याने घरीच दुरुस्तीस काढली होती. चाकांचे ड्रम उतरवून आतील काळसर भुकटी त्याने ब्रशने झटकली, उरलेली तोंडाने फुंकली. नंतर कोणीतरी त्याला सांगितले की जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो आणि त्याने कर्करोग होतो. “सर, मुलगी शेजारीच खेळत होती हो,” एवढेच तो पुनःपुन्हा म्हणत होता. त्या रात्री मी त्याला धीर दिला. पण धीर देणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. ते उत्तर येथे मांडत आहे.

ॲस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारे तंतुमय खनिज आहे. ते जळत नाही, घर्षणात टिकते आणि स्वस्त पडते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभापासून ब्रेक लायनर, क्लच प्लेट आणि गॅस्केट यांत त्याचा सर्रास वापर झाला. जुन्या लायनरच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग पुष्कळदा पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे क्रायसोटाइलचा असे. आपल्या घरांवरील ‘सिमेंटच्या पत्र्यां’तही हेच खनिज असते, मात्र तेथे ते सिमेंटमध्ये बांधलेले असते आणि पत्रा कापला, फोडला वा भोके पाडली तरच मोठ्या प्रमाणात मोकळे होते.

याचे तंतू केसाच्या शेकडो पटींनी बारीक असतात. ते तासन्‌तास हवेत तरंगतात आणि श्वासावाटे फुप्फुसात खोल जाऊन तेथे रुततात. त्यांतून फुप्फुस घट्ट करणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे आजार उद्भवतात. इंग्लंडमधील रॉचडेल येथील गिरणीत ॲस्बेस्टॉस कातणारी नेली केरशॉ ही कामगार स्त्री १९२४ मध्ये मरण पावली, तेव्हा या आजाराची वैद्यकीय नोंद ठळकपणे झाली. या आजारांचे सर्वांत फसवे लक्षण म्हणजे विलंब. धूळ घेतल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत वीस ते चाळीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ जातो.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. ब्रेक लागताना लायनरचा पृष्ठभाग इतका तापतो की तेथील क्रायसोटाइलची रचनाच मोडते आणि त्याचे फोर्स्टेराइट या वेगळ्या, तुलनेने निरुपद्रवी खनिजात रूपांतर होते. त्यामुळे ड्रममधील भुकटीत शिल्लक ॲस्बेस्टॉस बहुधा एक टक्क्याहूनही कमी आढळतो. युरोप-अमेरिकेतील मेकॅनिकांच्या बहुतेक अभ्यासांत मेसोथेलिओमाचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. यांतील काही अभ्यासांना न्यायालयीन दावे लढणाऱ्या मोटार कंपन्यांचे अर्थसाहाय्य होते, हेही सांगितले पाहिजे. त्यावरून तज्ज्ञांत वाद आहे. तथापि एका दुपारच्या कामाने त्याला किंवा मुलीला आजार होण्याची शक्यता अत्यल्प आहे, हे मी निःशंकपणे सांगू शकतो. त्यासाठी लगेच एक्स-रे काढणेही व्यर्थ. त्यात काहीच दिसणार नाही.

माझी खरी काळजी निराळी आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी मी एका पत्र्याच्या शेडमध्ये हेल्पर होतो. ड्रम उतरला की उस्ताद म्हणत, “हवा मार.” कंप्रेसरच्या हवेने शेड धुरकट होई, आणि त्याच धुरळ्यात आम्ही डबा उघडून जेवत असू. नवे लायनर शूवर रिव्हेटने बसवून कडा ग्राइंडरवर घासण्याचे कामही माझेच. हे अधिक वाईट, कारण नव्या लायनरमधील तंतू तापून बदललेले नसतात. उस्तादांना मी दोष देत नाही, त्यांनाही कोणी सांगितले नव्हते. पण परदेशातील त्या अभ्यासांत अशा शेडमधला पोरगा मोजलेला नाही, हे विसरून चालणार नाही.

लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. ते प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते. म्हणून प्रत्येक जुना लायनर ॲस्बेस्टॉसचाच समजावा. हवा मारू नये, फुंकू नये, कोरड्या ब्रशने झटकू नये, ड्रम हातोडीने ठोकून धूळ पाडू नये. साबणपाण्याचा हलका फवारा मारून सर्व भाग भिजवावा, ओल्या फडक्याने पुसावा आणि फडके ओले असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकावे. जमीन झाडू नये, पुसावी. घरातील साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक तंतू पुन्हा हवेतच सोडतो. तोंडावरच्या रुमालाचा काडीचा उपयोग नाही. पी-१०० दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्कच हवा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. नवे लायनर घेताना वेष्टनावर ‘ॲस्बेस्टॉस-मुक्त’ असे छापलेले पाहून घ्यावे, कारण आपल्या देशात क्रायसोटाइलवर सरसकट बंदी नाही.

ज्यांनी दहा-वीस वर्षे हे काम केले आहे, त्यांनी छातीच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी आणि आपण काय काम करीत होतो ते स्वतःहून सांगावे. आपल्याकडे जुनाट खोकला म्हटला की प्रथम क्षयाचा विचार होतो. तो रास्तच आहे. पण ब्रेकचे काम केल्याचे डॉक्टरांना ठाऊक नसेल तर दुसरी शक्यता त्यांच्या मनात येणार कशी? विडी-सिगारेट असेल तर ती आजच सोडावी. ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला. दोन माणसांच्या गॅरेजात हजेरीपटही नसतो. म्हणून कोठे, किती वर्षे, कोणते काम केले याची नोंद प्रत्येकाने स्वतःच्या वहीत ठेवावी.

आमच्या कार्यशाळेत ब्रेकच्या टेबलाजवळची हवेची नळी आता काढून टाकली आहे. तेथे फवाऱ्याची बाटली टांगलेली असते. त्या विद्यार्थ्यानेही जागा ओल्या फडक्याने पुसून घेतली आणि ॲस्बेस्टॉस-मुक्त लायनर बसवले. ते सकाळच्या पहिल्या ब्रेकला किंचित किंचाळतात, एवढीच त्याची तक्रार आहे.