चारकोपच्या गच्चीवरचं विमान

कांदिवलीच्या चारकोपमधली पाच मजली इमारत. घरात १९ जणांचं एकत्र कुटुंब आणि वर गच्चीवर सहा आसनी विमान. वैमानिक अमोल यादव यांनी ते बांधलं. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचं यंत्र आणि परदेशातून आणलेलं १८० किलोचं इंजिन, सगळं अरुंद जिन्यावरून वर चढवलं. विमान तयार झाल्यावर ते क्रेननं खाली उतरवलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं.

या कथेतली जिद्द सगळ्यांनी सांगितली. मला त्यामागच्या हातकामाचं अप्रूप जास्त आहे. आमच्या पुसेगावात ट्रॅक्टरची ट्रॉली तुटली की वेल्डर टाका मारतो आणि ती कामाला लागते. विमानाच्या ॲल्युमिनियमला हा उपाय चालत नाही. त्याचे बरेचसे मजबूत मिश्रधातू वेल्डिंगच्या उष्णतेनं कमजोर पडतात, म्हणून पत्रे रिव्हेटनं जोडतात. भोक पाडल्यावर कडेला जो बारीक, धारदार काठ उठतो तो घासून काढायचाच, कारण तो राहिला तर पुढे तिथूनच चीर धरते. मग रिव्हेट घालायचा, एकानं बाहेरून हवेच्या बंदुकीचे ठोके द्यायचे आणि दुसऱ्यानं आतून जड पोलादी ठोकळा दाबून धरायचा. आतल्या बाजूला तयार होणारं बोंड रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच आलं तर काम जमलं. वेडंवाकडं झालं तर ड्रिलनं रिव्हेट काढून पुन्हा पहिल्यापासून. अशा हजारो जोडांवर माणूस आपला जीव सोपवतो.

कागदाचं कामही तितकंच चिवट. नोव्हेंबर २०१७ मध्ये विमानाला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला आणि उड्डाणाचा परवाना यायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. पुढच्या चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. इतका उशीर कोणाचाही धीर खचवणारा आहे. तरीही तपासणी काटेकोरच हवी असं मी म्हणेन, कारण विमानाखाली लोकांची घरं असतात. फक्त तिची वाट आधीपासून आखलेली हवी.

अमेरिकेत ती वाट जुनी आहे. मिनेसोटाच्या बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ मध्ये लाकूड-कापडाचं 'एअर कॅम्पर' उडवलं, फोर्ड मोटारीचं इंजिन लावून. त्याच नकाशांवरून लोक आजही विमानं बांधतात. तिथला नियम असा की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसानं स्वतः केलेलं असावं. सहसा पहिले २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या हद्दीतच उडायचं, आणि आत 'प्रायोगिक' अशी ठळक पाटी लावायची, म्हणजे बसणाऱ्याला काय ते आधीच कळतं.

अशी घरी बांधलेली जुनी विमानं विकत घेणाऱ्यांबद्दल मला विशेष आदर आहे. बांधणाऱ्याला स्वतःच्या विमानाच्या वार्षिक तपासणीवर सही करण्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं, पण ते विमानाबरोबर नव्या मालकाकडे जात नाही. त्याला सहसा परवानाधारक मेकॅनिक गाठावा लागतो. कारखान्यात बनलेल्या विमानासारखं छापील माहितीपुस्तक बहुधा नसतं. असते ती बांधणाऱ्याची नोंदवही, त्यानं काढलेले फोटो आणि नकाशावर पेन्सिलीनं केलेले बदल. हे बाड जपलेलं असेल तर चाळीस वर्षांचं विमानही निर्धास्त तपासता येतं. हरवलं असेल तर पंखाच्या आत कोणता बोल्ट बसवलाय, हे कळायला पंखच उघडावा लागतो.