रस्ता आधी झाला, पाइप नंतर आला

"तात्यांना बोलवा आधी." गावात पाण्याची नवी लाइन टाकायला जेसीबी आला की कुणीतरी हे म्हणतंच. तात्या, अण्णा, नाना, गावागणिक नाव बदलतं, पण माणूस तोच: ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. कुठल्या आळीची चावी कुठे, जुनी लाइन मारुतीच्या पाराच्या कुठल्या अंगानं गेली, शाळेपाशी टी आहे की बेंड, हे त्यालाच ठाऊक. तो येतो, काँक्रीटवर चपलेच्या टाचेनं रेघ ओढतो आणि सांगतो, "इथनं हातभर सोडून घ्या." बहुतेक वेळा त्याचं बरोबर निघतं. चुकलं तर बकेटचा दात जुन्या पाइपावर बसतो, गल्लीत कारंजं उडतं आणि पुढचे चार दिवस अर्धं गाव हंडे-कळश्या घेऊन विहिरीच्या वाटेला लागतं.

महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांनी गेल्या काही वर्षांत हे पाहिलेलं आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर झालं तेव्हा देशाच्या ग्रामीण भागात सुमारे ३ कोटी २३ लाख घरांत नळ होता, म्हणजे साधारण सहा घरांत एक. २०२५ साली हा आकडा १५ कोटींच्या पुढे होता. एवढे नळ बसायचे तर तेवढ्या गल्ल्या फोडाव्या लागणारच. मिशनची मुदत २०२४ होती, २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती २०२८पर्यंत वाढवली. तेव्हा ज्या गावांत खणाखणी अजून उरकलेली नाही, त्यांची सुटका एवढ्यात नाही.

गावात हमखास विचारलं जातं, "जुनी लाइन होती की! मग हा उद्योग कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर जुन्या हिशेबात आहे. १९७२-७३पासून केंद्राच्या कार्यक्रमातून गावोगाव पाण्याच्या योजना होऊ लागल्या. पुढे त्यांचा जो निकष ठरला तो असा: माणशी रोज ४० लिटर, अडीचशे माणसांमागे एक सार्वजनिक नळ किंवा हातपंप, आणि तो घरापासून १.६ किलोमीटरच्या आत. गावातली जुनी लाइन बहुधा याच हिशेबानं घातलेली असते. चौकात एक नळकोंडाळं, दुसरं वेशीपाशी, तिसरं वरच्या आळीत. त्या नळापुरताच पाइप. पुढे लोकांनी त्याच पाइपाला भोक पाडून घरात कनेक्शन घेतलं, मग शेजाऱ्यानं, मग त्याच्या भावानं वाटणी झाल्यावर वेगळं. कोंडाळ्यासाठीच्या पाइपावर ऐंशी घरं बसली.

पाइपाचा एक हिशेब लोकांना पटत नाही. व्यास निम्मा केला की पाणी निम्मं येईल असं वाटतं. प्रत्यक्षात दाब तेवढाच ठेवला तर ते सहाव्या हिश्श्याच्या आसपास येतं, कारण अरुंद पाइपात पाण्याला घासून जावं लागतं आणि त्या घासण्यातच दाब खर्ची पडतो. दाब येतो उंचीतून. पाण्याच्या पातळीची दर दहा मीटर उंची चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब देते, म्हणून तर टाकी खांबांवर चढवतात. ती उंची पहिल्या वीस घरांतच संपली की शेवटच्या आळीच्या वाट्याला करंगळीएवढी धार उरते. मग शेवटच्या आळीतला माणूस नळाला मोटर लावतो. त्याचं बघून मधला लावतो. ज्याच्याकडे मोटर नाही त्याची तोटी नुसती फुसफुसते. नळावरच्या भांडणांबद्दल गावाकडे बरंच विनोदानं बोललं जातं, पण त्यातली निम्मी भांडणं खरं तर पाइपाच्या व्यासाची असतात.

नवा निकष माणशी ५५ लिटरचा आहे. पाच जणांच्या घराला रोज २७५ लिटर, पंधरा लिटरचा हंडा धरला तर अठराच्या वर हंडे. हे सगळ्या घरांत पोहोचवायचं तर टाकी मोठी लागते, टाकीकडे जाणारी लाइन मोठी लागते आणि गल्लीतली वितरण लाइनही नव्यानं आखावी लागते. जुन्या योजनांतले अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे (एसी) पाइप कुठे कुठे अजून जमिनीत आहेत. त्यांच्यावरून उसाची डबल ट्रॉली गेली की ते कडकन फुटतात. तेव्हा लाइन बदलणं गरजेचं होतं, यात मला शंका नाही.

माझी तक्रार क्रमाबद्दल आहे.

गावातले काँक्रीट रस्ते कशातून झाले, आठवून पाहा. कुठला आमदार निधीतून, कुठला ग्रामविकासाच्या २५१५ लेखाशीर्षातून, कुठला दलित वस्ती सुधार योजनेतून, कुठला वित्त आयोगातून. चौदाव्या वित्त आयोगाचे पैसे २०१५पासून थेट ग्रामपंचायतींच्या खात्यावर यायला लागले आणि गल्ल्या झपाट्यानं पांढऱ्या झाल्या. काँक्रीटचा रस्ता महिन्याभरात होतो, दिसतो, त्याच्या कडेला नावांची पाटी लावता येते. जमिनीखालच्या पाइपाला पाटी लावायची सोय नाही. शिवाय रस्त्याचा निधी मार्चअखेर खर्ची टाकायचा असतो, पाण्याच्या योजनेला सर्वेक्षण, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा असा वर्ष-दोन वर्षांचा फेरा. दोन लेखाशीर्षं, दोन खाती, दोन अभियंते. एकाला दुसऱ्याचं काम कधी सुरू होणार ते कळवण्याची गरज कुणाला वाटत नाही. आणि कळवलं तरी सरपंच काय करणार? "पाइप येईपर्यंत रस्ता थांबवू" म्हणाला तर निधी परत जातो आणि पुढच्या निवडणुकीत त्याचा हिशेब होतो. सरपंचाला दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही.

मुख्य रस्त्याचं दुखणं आणखी निराळं. गावातून जाणारा डांबरी रस्ता ग्रामपंचायतीचा नसतोच. तो जिल्हा परिषदेचा असतो, सार्वजनिक बांधकामाचा असतो, नाहीतर प्रधानमंत्री किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतला. ग्रामसडकच्या रस्त्याला पाच वर्षांचा दोषदायित्व कालावधी असतो, म्हणजे तेवढ्या काळात रस्ता खराब झाला तर मूळ ठेकेदारानं तो दुरुस्त करून द्यायचा. त्याच मुदतीत पाण्याच्या ठेकेदारानं कडेनं चर मारला की रस्त्याचा ठेकेदार हात वर करतो: "माझा रस्ता चांगला होता, यांनी फोडला." पाण्याचा ठेकेदार म्हणतो, माझ्या अंदाजपत्रकात एवढीच दुरुस्ती आहे. मध्ये खड्डा.

हा खड्डा पडतो कसा, हे जवळून बघण्यासारखं आहे. पाइप साधारण मीटरभर खोल जायला हवा. तळाशी दगड-गोटे काढून वाळू किंवा मऊ मुरमाचा थर, त्यावर पाइप, पाइपाच्या अंगावर पुन्हा मऊ माती. मग वीतभर भरायचं, पाणी मारायचं, दाबायचं, पुन्हा वीतभर. एका चराला असे चार-पाच थर लागतात. प्रत्यक्षात पाइप सोडला की जेसीबी काठावरचा सगळा ढीग एका फटक्यात आत लोटतो आणि वरून चाक फिरवून निघून जातो. भर उन्हाळ्यात ते ठणठणीत दिसतं. मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे ही माती काळी असते. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. जूनच्या पहिल्या दोन पावसांत चर हातभर खचतो, वर मारलेला सिमेंटचा पॅच खालून पोकळ राहतो आणि शेणखताचा ट्रॅक्टर तिथंच रुततो.

कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत उलटी तऱ्हा. तिथं हातभर खाली कातळ. ब्रेकर लावून कातळ फोडायचा तर डिझेल आणि दिवस दोन्ही जातात, त्यामुळे पाइप वीतभर खोलीवर, कधी तर जमिनीवरच उघडा टाकला जातो. काळा एचडीपीई पाइप लवचिक असतो, अंगावर निळे पट्टे असतात, गुंडाळी सोडत नेता येते, म्हणून काम झटपट उरकतं. तोच पाइप गुरांच्या पायाखाली, वणव्यात, नांगराच्या फाळाला सापडतो.

या पाइपाचा जोड बघायला गल्लीतली पोरं जमतात. मोठ्या व्यासाचे दोन पाइप समोरासमोर धरतात, तोंडं रंधून सपाट करतात, मधे दोनशे अंशांच्या वर तापलेली पत्र्याची गोल प्लेट घालतात. प्लास्टिक वितळून कडेला लोळ यायला लागला की प्लेट ओढून काढतात आणि दोन्ही तोंडं एकमेकांवर दाबून धरतात. खरी कसोटी यापुढे आहे, कारण थंड होईपर्यंत तो जोड हलवायचा नसतो. ऊन वाढलेलं, मजूर रोजंदारीवरचे, ठेकेदाराचा माणूस "चला, चला" करतोय. पाच मिनिटं लवकर सोडलेला जोड पुढे वर्षभर झिरपतो. वर काँक्रीट पडलेलं, त्यामुळे तो कुठे झिरपतोय ते कळायला पुन्हा काँक्रीट फोडायचं.

आरोग्याच्या बाजूकडे गावात पुरेसं लक्ष जात नाही. आपल्याकडे पाणी तासाभरासाठी सुटतं, उरलेले तेवीस तास लाइन रिकामी. लाइन भरलेली असते तेव्हा भोकातून पाणी बाहेर येतं. चावी बंद झाली आणि पाणी उताराला निघून गेलं की आत पोकळी होते, आणि त्याच भोकातून बाहेरचं आत ओढलं जातं. बाहेर काय असतं? घराघराचं कनेक्शन गटार ओलांडून जातं, पुष्कळदा गटारातूनच जातं. त्यात कुणी मोटर लावली की ओढ आणखी वाढते. पावसाळ्याच्या तोंडाला गॅस्ट्रो आणि काविळीच्या साथी का येतात, याचं बरंचसं उत्तर या ओढीत आहे. नवी लाइन टाकताना जुनी फुटली, तिला रबराची ट्यूब गुंडाळून वेळ मारून नेली, तर हा धोका सगळ्यात जास्त. त्या दिवसांत टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नेमानं पडते का आणि शेवटच्या घरच्या नळाला क्लोरीनच्या ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग येतो का, हे रोज बघायला हवं. टाकीजवळच्या नळावर टेस्ट करून वहीत सही ठोकण्यात अर्थ नाही.

बाकीची गैरसोय गावकऱ्याला सांगायला नको. एसटी आत यायची बंद होते, फाट्यावर उतरवते, शाळा-कॉलेजची पोरं तिथून चालत येतात. डेअरीचा टेम्पो वेशीवर थांबतो आणि कॅन डोक्यावर आणावे लागतात. लग्नाचा मांडव चराच्या पलीकडे, वऱ्हाड अलीकडे, मधे फळी. लोक हे सोसतात, कारण दारात पाणी येणार असतं. चीड येते ती चर उघडा टाकून काम बंद पडतं तेव्हा. २०२५ साली तसं बऱ्याच ठिकाणी झालं. योजनेचा निधी अडकला, ठेकेदारांची बिलं थकली, राज्यभर त्यांनी आंदोलनं केली. टाकी अर्धी, लाइन टाकलेली पण जोडलेली नाही, आणि जुनी लाइन तीन ठिकाणी फुटलेली. नव्यातून पाणी नाही, जुन्यातूनही नाही, अशी ही मधली अवस्था गावाला सगळ्यात महाग पडते. नवी लाइन भरून, दाब देऊन तपासून, घरकनेक्शनं जोडून होईपर्यंत जुनीला हात लावू नये, हा साधा नियम पाळला तरी यातलं निम्मं टळेल.

आणखी दोन गोष्टी स्वस्तात होण्यासारख्या आहेत. पहिली, गल्लीत काँक्रीट करायच्या आधी दर शे-दीडशे फुटांवर आडवा एक रिकामा पाइप टाकून ठेवायचा. पुढे पलीकडच्या घराला कनेक्शन द्यायचं असलं की त्यातून नळी ओवली, काम झालं. एवढासा खर्च अंदाजपत्रकात बसवायला कुणाची हरकत नसते, फक्त तो आठवावा लागतो. जिथं बारीक बोळ आहे तिथं काँक्रीटऐवजी पेव्हर ब्लॉक घालावेत. पेव्हरला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत आणि कमिशनच्या गप्पाही आपण ऐकतो, पण ते उचलता येतात आणि पुन्हा बसवता येतात.

दुसरी गोष्ट नकाशाची. कंपन्यांच्या केबली तुटू नयेत म्हणून केंद्रानं मार्च २०२३मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप काढलं. गावातल्या पाण्याच्या लाइनीसाठी मात्र अजून तात्याच. तात्या निवृत्त होतील तेव्हा काय? चर उघडा आहे तोवर मोजपट्टी घेऊन बसलं तर दोन दिवसांत नकाशा होतो: चावडीच्या कोपऱ्यापासून इतके फूट, शाळेच्या गेटापासून तितके, खोली एवढी, व्यास एवढा, चावी इथं. जिल्हा परिषदेच्या शाळेतली सातवीची मुलं हे काम आनंदानं करतील, भूमितीच्या तासाला दुसरं काय हवं!

आणि हे सगळं मागायची एक वेळ असते. योजना पूर्ण झाल्याचं सांगून ठेकेदार ग्रामपंचायतीकडे हस्तांतरणाचा कागद घेऊन येतो. गावात ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिच्यात निम्म्या बायका असाव्यात असा दंडक आहे आणि पाणी शेवटच्या घरी येतं की नाही हे त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. त्या कागदावर सही होईपर्यंत ठेकेदाराचं शेवटचं बिल गावाच्या हातात असतं. चर थरांनी दाबला का, पॅच एक पावसाळा टिकला का, शेवटच्या आळीत धार किती, नकाशा कुठंय, हे प्रश्न ग्रामसभेत त्या सहीच्या आधी विचारायचे. सही झाली की लाइन ग्रामपंचायतीची, खड्डा ग्रामपंचायतीचा आणि मोटरीचं वीजबिलही ग्रामपंचायतीचं.