फिरत्या घराची वीजजोडणी

मुंबई-गोवा महामार्गावरून आतां चारचाकी घरें धांवूं लागलीं आहेत. निजावयास बिछाना, स्वयंपाकास ओटा, स्नानाची सोय आणि उकाड्यासाठीं एसी, असा सगळा संसार एका मोटारींत मांडलेला असतो. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें अशा कॅराव्हॅन-गाड्यांच्या पर्यटनासाठीं स्वतंत्र धोरण जाहीर केलें. गाड्या उभ्या करण्याच्या तळावर पाणी, वीज इत्यादि सोयी असाव्या, अशी त्यांत योजना आहे. परंतु आपल्या समाजांत अशी गाडी तळावर जाण्यापेक्षां काकांच्या किंवा मामांच्या अंगणांतच येऊन उभी राहण्याचा संभव अधिक. मग अंगणांतली गाडी आणि पडवींतला विजेचा पॉइंट यांची सांगड घालण्याचा प्रश्न घरच्या मंडळींपुढें येतो. बाजारांत त्यासाठीं थोडक्या पैशांत अडॅप्टर मिळतो, आणि तो खोंचला कीं काम झालें अशी बहुतेकांची समजूत असते. ही समजूत घातक आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या घरांत दोन आकारांचे पॉइंट असतात. लहान तो ६ अँपिअरचा, मोठा तो १६ अँपिअरचा. जुनीं माणसें त्यांस अद्याप पांच व पंधरा म्हणतात. मोठ्या प्लगच्या पिना जाड व एकमेकींपासून दूर असल्यामुळें तो लहान भोंकांत शिरत नाहीं. पुष्कळांस ही गैरसोय वाटते. वस्तुतः ती बुद्ध्या घातलेली आडकाठी आहे. २३० व्होल्टच्या दाबानें ६ अँपिअरच्या पॉइंटांतून फार तर १,३८० वॉट घेतां येतात, १६ अँपिअरच्या पॉइंटांतून ३,६८०. गाडींतला एसी एकटाच हजार-दीड हजार वॉट खातो. त्यांत कोणी पाणी तापवावयास लावलें किंवा इंडक्शनची शेगडी पेटविली, कीं आणखी दोन हजारांची भर पडते. अडॅप्टर हा केवळ दुभाषा. तो एकाची भाषा दुसऱ्यास कळवितो, कोणाच्या थैलींत पैका घालीत नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? आणि येथें तर गोष्ट अधिक बिकट आहे, कारण रिकामा आड पोहऱ्यास निदान रिकामा परत पाठवितो. वीज मात्र मागेल तेवढी येऊं पाहते व येतांना तार तापविते. प्रवाह दुप्पट झाला तर तारेंतली उष्णता चौपट होते. जुन्या घरांत फ्यूज उडाला कीं तेथें जाड तार बांधून देण्याची वाईट चाल आहे. मग जी तार वितळावयाची ती वितळत नाहीं, आणि प्लग वितळतो.

गेल्या वैशाखांत माझा भाचा पुण्याहून सहकुटुंब अशीच भाड्याची गाडी घेऊन ताम्हिणी घाटानें, माणगांवावरून आमच्या तुडीलच्या घरीं आला. महाड तालुक्यांतला वैशाख ज्यानें अनुभवला असेल त्यास सांगावयास नको. घरांतलीं सारीं मुलें थंड गाडींत निजावयास धांवलीं. ड्रायव्हरनें पिशवींतून अडॅप्टर काढून पडवींतल्या लहान पॉइंटास लाविला. दिवेलागणीस आमच्या धाकट्या पुतणीनें अंगणांत पाय धुतले, ओल्या पायांनींच गाडीची मूठ धरली आणि ती ओरडली, "काका, दार चावतं!" आंत बसलेल्या मुलांस कांहींच जाणवलें नव्हतें. बटण बंद करून पाहतों तों अडॅप्टरची एक बाजू तपकिरी होऊन मऊ पडलेली. दुसऱ्या दिवशीं वायरमननें पॉइंट उघडला, तेव्हां अर्थिंगची हिरवी तार आंत नुसतीच गुंडाळून ठेवलेली निघाली. ज्यानें पूर्वीं तें काम केलें त्यानें तिसरें भोंक शोभेसाठीं ठेवलें होतें.

दार चावण्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. गाडी रबराच्या चाकांवर उभी असते. जमिनीशीं तिचा विजेच्या दृष्टीनें संबंध नसतो. एखाद्या यंत्रांतून थोडी वीज पत्र्यांत झिरपली, तर तिनें अर्थिंगच्या तारेनें भुईंत जावें अशी व्यवस्था असते. ती तार तुटकी असेल तर वीज पत्र्यांतच वाट पाहत बसते. आंत बसलेल्यास धोका जाणवत नाहीं, कारण त्याच्या भोंवतीं सर्वत्र सारखाच दाब असतो. पण ज्याचा एक हात दाराला आणि अनवाणी पाय ओल्या मातींत, तो स्वतःच अर्थिंगची तार होतो. म्हणून आपल्या प्लगची तिसरी पिन सर्वांत जाड व लांब केलेली असते. ती सर्वांआधीं लागते व सर्वांशेवटीं सुटते. दोन पिनांचा अडॅप्टर वापरून तिला वगळणें हें पोरांच्या जिवाशीं खेळणें होय.

कित्येक सुशिक्षित गृहस्थ म्हणतात, "आमच्याकडे एमसीबी आहे, चिंता नाहीं." एमसीबी तारेचें रक्षण करते, माणसाचें नव्हे. १६ अँपिअरला बंद पडणाऱ्या त्या बटणास माणसाचा प्राण घेणारा प्रवाह दिसतही नाहीं, इतका तो अल्प असतो. त्यासाठीं ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. ती जाणारा व परतणारा प्रवाह सारखा ताडून पाहते. तफावत पडली कीं पापणी लवण्याआधीं वीज तोडते. अर्थिंगचा खड्डाही वर्षानुवर्षें विसरूं नये. मीठ-कोळसा घातलेली ती जागा उन्हाळ्यांत कोरडी पडते, तेव्हां तिला पाणी घालावें लागतें. तुळशीबरोबर तिलाही एक तांब्या घातला तर बिघडत नाहीं.

अमेरिकेंत असलेल्या आपल्या मुलांनाही सुट्टींत अशा गाड्यांचा प्रसंग पडतो. तेथें तळावरील खांबावर ३० व ५० अँपिअरचे निरनिराळे पॉइंट असतात. पहिला १२० व्होल्टचा, म्हणजे ३,६०० वॉटचा. दुसऱ्यांत १२० व्होल्टच्या दोन तारा असल्यामुळें १२,००० वॉट मिळतात. मोठी गाडी अडॅप्टरनें लहान पॉइंटास लावणें तेथें सर्रास चालतें, पण तें बारा खोल्यांचें बिऱ्हाड साडेतीन खोल्यांत आणण्यासारखें आहे. एसी चालूं असतां शेगडी लावावयाची नाहीं, हें आधींच ठरवावें लागतें. ३० अँपिअरचा तो पॉइंट कोणी २४० व्होल्टचा समजून जोडला, तर गाडींतलीं उपकरणें जळून जातात. तिकडची १२० व्होल्टची किटली येथें नुसत्या आकार बदलणाऱ्या अडॅप्टरवर लावणाऱ्यांचीही तीच गत होते. दाब दुपटीच्या जवळ गेला कीं किटली साडेतीन पटींहून अधिक तापूं पाहते. ज्या चार्जरवर १०० ते २४० असें छापलेलें असतें, त्यांस मात्र ही बाधा नाहीं.

आमच्या घरीं पुढें मीटरपाशींच एमसीबी व आरसीसीबी बसवून २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेनें १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घेतला. पावसाचे फवारे पोंचणार नाहींत असा तो पडवीच्या आंतल्या भिंतीवर, मुलांच्या हाताहून उंच आहे. गाडीपर्यंतची केबल तेवढ्याच जाडीची असावी व ती पुरती उलगडावी. वेटोळें तसेंच ठेवलें तर आंतली उष्णता बाहेर पडत नाहीं आणि आवरण वितळतें. सांधा भुईवर न टाकतां पाट-विटेवर ठेवावा. जोडतांना बटण बंद ठेवून आधीं केबल गाडीला लावावी, मग भिंतीला, आणि शेवटीं बटण दाबावें. काढतांना याच्या उलट क्रम, व प्लग धरून ओढावा, तार धरून नव्हे. पहिल्या अर्ध्या तासानें बटण बंद करून प्लगला हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर त्या रात्रीं मुलांनीं माडीवरच निजावें.