ठिणगीचं घर, दाबाचं घर

बारा मीटर लांबीचं घर. आत दोघांचा ऐसपैस पलंग, शेगडी, फ्रीज, शॉवर, सोफा. थांबल्यावर बटण दाबलं की अख्खी भिंत बाहेर सरकते आणि बसायची खोली मोठी होते. वजन पंधरा टन. हे घर हमरस्त्यावरून ताशी शंभर किलोमीटरने हाकणाऱ्या आजीबाई सत्तरीच्या. त्यांच्या पर्समध्ये लायसन्स कुठलं? साध्या मोटारीचं! अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत स्वतःच्या वापराच्या मोटरहोमला वेगळा परवाना लागतच नाही.

निवृत्त झालं की राहत्या घराला कुलूप लावायचं, हिवाळा अ‍ॅरिझोनात नाहीतर फ्लोरिडात काढायचा, ऊन तापलं की उत्तर गाठायची. या आयुष्याच्या उंबरठ्यावर एक प्रश्न उभा असतो: घर पेट्रोलचं घ्यायचं की डिझेलचं?

आपला पहिला प्रश्न अर्थातच, "अ‍ॅव्हरेज किती?" घोटभर पाणी पिऊन ऐका. पेट्रोलचं मोठं मोटरहोम लिटरमागे तीन-साडेतीन किलोमीटर जातं, डिझेलचं फार तर साडेतीन-चार. एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त ऊर्जा असते हे खरं, पण डिझेलची घरं मुळात जड, त्यामुळे हातात येणारा फायदा वजनच खाऊन टाकतं. तेव्हा अ‍ॅव्हरेज सोडून द्या. खरी गंमत सिलिंडरच्या आत आहे. दोन्ही इंजिनं आग लावतात, पण लावायची रीत वेगळी. आणि त्या एवढ्याशा फरकातून काय काय निघतं बघा: इंजिन कुठे बसणार, नवरा-बायकोला प्रवासात बोलता येणार का, घाट उतरताना पाय कुठे राहणार, सगळं!

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण साधारण दहा पट दाबलं जातं, मग प्लग ठिणगी टाकतो आणि भडका उडतो. त्याहून फार जास्त दाबायची सोय नाही, कारण मिश्रण ठिणगीची वाट न बघता भलत्या वेळी आपणच पेटतं आणि इंजिन ठोकायला लागतं.

डिझेलमध्ये ठिणगीच नाही. आत घेतात ती नुसती हवा, आणि ती दाबतात सोळा-सतरा पट. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटकतं ना? तेच इथे. फक्त इथे हवा ५००-६०० अंश सेल्सियसला पोचते. त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा सोडायचा. काडी नको, ठिणगी नको, ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलने ही कल्पना कागदावर मांडून १८९३ साली पेटंट मिळवलं आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला ती नीट चालवून दाखवली.

इथे जरा थांबा, कारण यात एक कोडं आहे. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या थंडीतही ज्वाळा पकडते. डिझेल मात्र पन्नास अंशांच्या वर तापवल्याशिवाय ज्योतीलाही दाद देत नाही. मग पेट्रोल जास्त ज्वालाग्राही, बरोबर? पण ज्योत, ठिणगी सगळं बाजूला काढा आणि नुसती उष्णता वाढवत न्या. आता आधी कोण पेटेल? डिझेल! थंडपणे बसलेला हा तेलकट द्रव दाबाच्या उष्णतेला पेट्रोलच्या आधी शरण जातो. सगळी डिझेल वाहनं या एका स्वभावावर चालतात.

आणि तो फवारा? आजच्या इंजिनात तो साधारण १८०० बार दाबाने सुटतो. पॅसिफिकच्या तळाशी मारियाना गर्तेत, जवळजवळ अकरा किलोमीटर पाण्याखाली, दाब भरतो अकराशे बारच्या आसपास. म्हणजे आजीबाई कॉफीचा कप ठेवून निवांत चालवत असतात आणि मागे नोझलच्या टोकाशी समुद्राच्या सगळ्यात खोल जागेहून जास्त दाब मिनिटाला हजारो वेळा मोकळा होत असतो.

एवढा दाब सोसायचा तर लोखंड जाड हवं. जाड लोखंड म्हणजे जड इंजिन, आणि जड इंजिन म्हणजे संथ चाल. संथ म्हणजे दुबळी, असं मात्र समजू नका. पेट्रोलच्या बहुतेक मोठ्या मोटरहोमखाली फोर्डची एफ-५३ चासी असते, तिचं ७.३ लिटरचं इंजिन सुमारे ३५० अश्वशक्तीचं. कमिन्स कंपनीचं ६.७ लिटरचं डिझेल ३६० अश्वशक्तीचं. जवळपास सारखंच की! पण चाकं फिरवणारा पीळ, म्हणजे टॉर्क, बघा: फोर्डचा साधारण ६३५ न्यूटन-मीटर, कमिन्सचा १०८५. त्यामुळे चढावर पेट्रोलचं इंजिन चार हजार फेऱ्यांवर जाऊन किंचाळतं, तर डिझेल दोन हजारांच्या आतबाहेर घुमत घर वर नेतं.

आता हा जड ठोकळा ठेवायचा कुठे? पेट्रोलचं इंजिन पुढे, दोन खुर्च्यांच्या मध्ये उंचवटा करून बसवतात. मोठा चढ आला की त्याचा आवाज आणि धग दोन्ही शेजारी. डिझेलवाल्यांनी इंजिन उचलून थेट मागच्या टोकाला नेलं. तिथून ते घर ढकलतं, म्हणून अमेरिकेत या गाड्यांना सरळ 'पुशर'च म्हणतात. चालवणारा आणि इंजिन यांच्यात दहा-अकरा मीटरचं घर. पुढे बसून कुजबुजीतही भांडता येतं. मात्र मागे झोपायची खोली असते, म्हणजे बऱ्याच गाड्यांत इंजिन येतं पलंगाखाली! फिटर आला की गादी उचलायची, खालचं झाकण उघडायचं, की समोर कमिन्स. बायकोच्या उशीखाली इंजिन ठेवायची ही युक्ती ज्याला सुचली त्याला सलाम. गाडी थांबल्याशिवाय तिथे कोणी झोपत नाही, म्हणून ती खपून जाते.

वजन वाढलं की खालचंही सगळं बदलतं. पेट्रोलच्या घराखाली पाटे आणि हायड्रॉलिक ब्रेक. डिझेलच्या घराखाली ट्रकसारखे एअर ब्रेक आणि हवेच्या फुग्यांवर तोललेली चासी. लांबच्या प्रवासात कंबर हा फरक लगेच सांगते.

आता डोंगरात जाऊ. कोलोरॅडोत डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगदा लागतो, समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटरवर. तिथे हवेची घनता समुद्रकाठच्या सत्तर टक्केच. पेट्रोलचं हे इंजिन स्वतःच्या दमाने श्वास घेतं, त्यामुळे त्याचे ३५० घोडे तिथे पोचेपर्यंत अडीचशेच्या खाली येतात. डिझेलला टर्बो असतो. बाहेर टाकलेल्या धुराच्याच जोरावर एक चक्र फिरतं आणि विरळ हवा ठासून आत भरतं. फुकट जाणाऱ्या उच्छ्वासावर पुढचा श्वास!

चढलो, ठीक. पण उतरायचं कसं? इथे १९३१ सालात जावं लागेल. क्लेसी कमिन्स नावाचा इंडियानातला एक यंत्रवेडा माणूस, तरुणपणी एका बँकरच्या मोटारीचा ड्रायव्हर, आपलं डिझेल इंजिन किती भरवशाचं आहे हे दाखवायला ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाला होता. कॅलिफोर्नियातल्या कॅहॉन घाटात ट्रकचे ब्रेक तापून निकामी झाले. खाली रेल्वेचं फाटक, फाटकावरून मालगाडी चाललेली. तिचा शेवटचा डबा सरकला आणि ट्रक अगदी थोडक्यात पलीकडे गेला.

पण इंजिनाने गाडी का रोखली नाही? पेट्रोलच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडला की हवेच्या वाटेवरची झडप मिटते. पिस्टनला बंद दारातून हवा ओढावी लागते, त्यात गाडीचा जोर खर्च होतो. डिझेलला मुळात तशी झडप नसते. तिथे कमी-जास्त होतं ते फक्त तेल. पाय काढला तरी हवा मोकळी येते, पिस्टन ती दाबतो, आणि दाबलेली हवा पिस्टनला परत खाली ढकलते. घेतलेलं जवळजवळ सगळं परत! उतारावर असला प्रामाणिकपणा जिवावर बेततो.

कमिन्सच्या डोक्यातून तो घाट गेला नाही. निवृत्त झाल्यावर, हो, निवृत्त झाल्यावर, त्याने उत्तर काढलं. हवा पुरती दाबून होऊ द्या, आणि ती पिस्टनला ढकलणार त्या क्षणाआधी धुराची झडप उघडून तिला सोडून द्या. दाबायचे कष्ट गाडीचे, परतफेड शून्य. तेल न जाळता इंजिन नुसता हवा दाबणारा पंप होतं आणि डोंगराने दिलेला वेग त्यात जिरतो. जेकब्स नावाच्या, ड्रिलचे चक बनवणाऱ्या कंपनीने १९६१ पासून हा ब्रेक बाजारात आणला. मोठ्या डिझेल मोटरहोममध्ये आज तो मिळतो. लहान इंजिनांत टर्बोची पाती मिटून धुराची वाट अडवतात, परिणाम त्याच जातीचा. पेट्रोलच्या गाडीतही गिअर खाली टाकून उतरता येतं, पण इंजिनाचा आक्रोश ऐकत.

हा कमिन्स म्हणजे आपल्या पुण्याच्या कोथरूडमधला कमिन्स. १९६२ साली किर्लोस्करांबरोबर त्याची कंपनी इथे आली. कर्वेनगरच्या मुलींच्या इंजिनीअरिंग कॉलेजवरही तेच नाव आहे.

एवढं ऐकल्यावर डिझेलच घ्यावं असं वाटेल. थांबा. नवं डिझेल घर पेट्रोलच्या दीडपट-दुप्पट किमतीला जातं आणि पुढे लाडही पुरवून घेतं. पेट्रोलच्या फोर्डला ऑइल लागतं साडेसात लिटर, कमिन्सच्या ८.९ लिटरच्या इंजिनाला पंचवीसच्या वर. धुरातले विषारी नायट्रोजन ऑक्साइड मारायला वेगळ्या टाकीत युरियाचं पाणी भरावं लागतं. शेतात टाकतो त्याच रसायनाचं हे शुद्ध रूप त्या ऑक्साइडांचं रूपांतर नायट्रोजन आणि वाफेत करतं. आणि डिझेलच्या टाकीत तळाला पाणी साचलं तर तेल आणि पाण्याच्या सीमेवर चक्क जिवाणू-बुरशी वस्ती करतात, तेल खाऊन जगतात आणि फिल्टर तुंबवतात. पेट्रोलमध्ये हा त्रास सहसा नाही, पण ते महिनोन्‌महिने पडून राहिलं की शिळं होतं.

माझं मत विचाराल तर वर्षातून दोन-चार सफरी, त्याही सपाट मुलखात, एवढाच बेत असेल तर पेट्रोल घ्यावं आणि उरलेल्या पैशांत नातवंडांना घेऊन फिरावं. डिझेल त्यांनी घ्यावं ज्यांना महिनोन्‌महिने त्यातच राहायचंय, मागे मोटार जोडून रॉकी पर्वत ओलांडायचेत. मुक्कामी विजेचं बघाल तर दोन्हीकडे सारखंच चातुर्य: जनरेटर बहुधा मुख्य टाकीतूनच तेल पितो, पण त्याची नळी मुद्दाम आखूड ठेवलेली. टाकी पाव उरली की तो आपोआप बंद. रात्रभर एसी लावून झोपा, सकाळी पंपापर्यंत पोचायचं इंधन शिल्लक असतंच.

आणि जुनं घर घेणार असाल तर किलोमीटरच्या आकड्यावर भाळू नका. ही घरं चालतात कमी, उभी राहतात जास्त. टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. ३५१९ दिसलं तर तो २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यात जन्मला. वरची नक्षी कितीही कोरी दिसो, आधी ते चार आकडे वाचा, सहाही चाकांचे.