आधी प्रार्थना, मग बाजारहाट

अमेरिकेतल्या युटा राज्यात प्रोव्हो गावी, ब्रिगहॅम यंग विद्यापीठाला लागूनच, मॉर्मन पंथाचं मिशनरी प्रशिक्षण केंद्र आहे. (२०१८पासून ‘मॉर्मन’ म्हणू नका, आमचं पूर्ण नाव घ्या, असा पंथाचा आग्रह आहे, पण ते नाव लांबलचक आहे आणि आपल्याकडे हेच ओळखीचं.) तिथे पन्नासहून अधिक भाषा शिकवल्या जातात. मुलगे अठराव्या वर्षापासून दोन वर्षांसाठी, मुली २०२५पर्यंत एकोणिसाव्या आणि आता अठराव्याच वर्षापासून दीड वर्षासाठी धर्मप्रचाराला निघतात. कुठे जायचं हे मात्र त्यांच्या हातात नसतं. अर्ज करायचा आणि वाट पाहायची. सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्यालयातून कळतं तो आपला देश आणि ती आपली भाषा. म्हणजे शाळेत स्पॅनिश शिकलेल्या पोराच्या वाट्याला रशियन येऊ शकतं.

अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरतं रशियन यावं म्हणून ४४ आठवडे, म्हणजे सुमारे ११०० तासांचे वर्ग, गृहीत धरतं. हिंदीही त्यांच्या लेखी याच अवघड गटात मोडते. प्रोव्होच्या मुलांना मिळतात जेमतेम दोनेक महिने, आणि करोनानंतर त्यातलाही काही भाग घरी बसून, ऑनलाइन. गोव्यात १५७९ साली आलेल्या फादर स्टीफन्सचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं १६१६ साली. इथे तेवढी सवड कुणालाच नाही.

हे जमतं ते ईश्वराने दिलेल्या वाणीच्या वरदानामुळे, असं पंथ मानतो. मला मात्र त्यातलं बरंचसं श्रेय वेळापत्रकाला द्यावंसं वाटतं. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो आणि त्याला सोडून कुठेही जायचं नसतं, त्यामुळे गप्प बसण्याची सोय राहत नाही. जेवणाच्या रांगेतही जमेल तितकं रशियनच बोलायचं. घरी फोन करायचा तो आठवड्यातून एकदा, आणि २०१९च्या आधी तर वर्षातून दोनदाच: नाताळला आणि मातृदिनाला.

शिकवणारे बहुतेक त्याच विद्यापीठातले विद्यार्थी, नुकतेच स्वतःची प्रचारफेरी संपवून आलेले. वर्गात ते नाटक करतात. शिक्षक बाहेर जातो आणि परत येतो तो एक अनोळखी रशियन गृहस्थ होऊन. मग ज्याला सिरिलिक अक्षरं अजून धड लागत नाहीत, त्याने या गृहस्थाला देवाबद्दल समजावून सांगायचं. क्रूर वाटतं, पण पाठ केलेलं वाक्य आणि समोरच्याच्या अनपेक्षित प्रश्नाला दिलेलं उत्तर यांतला फरक असा अंगावर आल्याशिवाय कळत नाही.

शिकण्याचा क्रमही जगावेगळा. कुठल्याही भाषेच्या पुस्तकात आधी नमस्कार, मग नाव-गाव, मग बाजार. इथे आधी प्रार्थना, मग आपल्या श्रद्धेची साक्ष, मग शिकवण. पश्चात्ताप, पुनरुत्थान, बाप्तिस्मा हे शब्द तोंडात बसलेले असतात, पण कांदे कसे किलो हे विचारताना जीभ अडते.

व्याकरण तर इंग्रजी बोलणाऱ्या मुलांची परीक्षाच पाहतं. सहा विभक्ती आणि नपुंसकलिंगासकट तीन लिंगं ऐकून मराठी माणूस फारसा दचकणार नाही. ती मुलं दचकतात. खरी फजिती क्रियापदांत होते. पूर्ण झालेली क्रिया आणि चालू राहणारी क्रिया यांसाठी रशियनमध्ये वेगवेगळी क्रियापदं लागतात. आपण ‘वाचून काढा’ आणि ‘वाचत जा’ यांत भेद करतो, साधारण तसाच हा प्रकार. आता मिशनऱ्याचं काम म्हणजे समोरच्याकडून शब्द घेणं: हा अध्याय गुरुवारपर्यंत वाचून काढाल का, रोज प्रार्थना करत जाल का. क्रियापद चुकलं की विनंतीची नुसती चौकशी होते: ‘तुम्ही वाचता का?’

त्यात प्रार्थनेतला देव, आपल्यासारखाच, एकेरी. त्यामुळे सुरुवातीला एकेरी रूपांवरच जीभ वळते. प्रत्यक्षात भेटतात त्या मात्र मारिया इवानोव्हनासारख्या आजी. त्यांना स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाने मिळून हाक मारायची आणि अहो-जाहोच करायचं.

भाषेतला हा एकांगीपणा भरून निघायचा तो रशियातल्या जिन्यांवर, ट्राममध्ये, स्वयंपाकघरांत. १९९० साली फिनलंडमार्गे पहिले मिशनरी रशियात जाऊ लागले. १९९१च्या जूनमध्ये पंथाच्या गायकवृंदाचा मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहात कार्यक्रम झाला, आणि त्याच दौऱ्यात रशियाचे उपाध्यक्ष रुत्स्कोई यांनी पंथाला अधिकृत मान्यता मिळाल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून परतलेल्या मुलांचं रशियन अस्सल बोलीचं असे. युटातल्या नॅशनल गार्डच्या भाषातज्ज्ञ गुप्तवार्ता ब्रिगेडलाही असे परतलेले मिशनरी फार उपयोगी पडतात, हे जाता जाता.

जुलै २०१६मध्ये यारोवाया कायदा लागू झाला आणि रशियात धर्मस्थळाबाहेर प्रचार करण्यावर कडक बंधनं आली. दारोदार जाणं, रस्त्यात थांबवून बोलणं संपलं. पंथाने मिशनऱ्यांना ‘स्वयंसेवक’ म्हणायला सुरुवात केली. ज्या संभाषणाची प्रोव्होत सर्वांत जास्त तालीम होते, नेमकं तेच रस्त्यावर बेकायदा ठरलं. रशियन शिकलेल्यांना कझाकस्तान, बाल्टिक देश, मोल्दोव्हा इथेही काम होतं. युक्रेनमधल्यांना २०२२च्या युद्धाआधी बाहेर काढावं लागलं.

यारोवाया कायद्यानंतरही रशियात स्वयंसेवक होऊन तरुण जात राहिले होते. मार्च २०१९मध्ये काळ्या समुद्राकाठच्या नोव्होरोसिस्क शहरात दोन अमेरिकन तरुणांना पोलिसांनी पंथाच्या सभागृहातून ताब्यात घेतलं आणि नंतर त्यांची मायदेशी रवानगी झाली. संशय होता तो परवाना नसताना इंग्रजी शिकवत असल्याचा.