निळ्या ज्योतीची शेगडी

लंडनच्या पश्चिमेस ग्रीनफर्ड येथे असलेल्या अलॅडिन कंपनीच्या रॉकेलच्या शेगडीला ज्योतीच्या वर्णावरून ‘ब्लू फ्लेम’ असेच नाव मिळाले होते. आणि नळांतून गरम पाणी खेळवून सारे घर ऊबदार ठेवण्याची ऐपत ज्यांना नव्हती, अशा इंग्रज गृहस्थांच्या व भाड्याच्या गारठलेल्या खोल्यांत दिवस काढणाऱ्या हिंदी स्थलांतरितांच्या हिवाळ्याचा बंदोबस्त दुसऱ्या महायुद्धानंतर अशाच शेगड्यांनी केला. खाली टाकी, तीतून वर येणारी वर्तुळाकार वात, आतून व बाहेरून तिला वारा पुरविणारी सच्छिद्र चकती, आणि ज्योत न्याहाळण्यासाठी अभ्रकाची लहानशी खिडकी, एवढाच तिचा संसार. हवेचे प्रमाण बिघडले की ज्योत पिवळी पडते आणि काजळी धरते.

अशी गंजलेली शेगडी हाती आली म्हणजे हौशी मनुष्याची पहिली धाव रंगाच्या डब्याकडे जाते. वस्तुतः या कामात रंगाचा मान शेवटचा आहे. टाकी रिकामी करावी, कडक झालेली वात बदलावी, जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो कोरडा न घासता पाणी लावून घासावा, आणि काही जुन्या शेगड्यांत अॅस्बेस्टॉस वापरीत, म्हणून तंतुमय पांढरे अस्तर दिसल्यास त्यास हात न लावता जाणकाराकडे जावे. मूळचा भट्टीत भाजलेला मुलामा जिथे शाबूत असेल, तिथे तो तसाच राखावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्यासारखी चकचकीत शेगडी हे जीर्णोद्धाराचे नव्हे, हव्यासाचे लक्षण होय.

उष्णतेस टिकणाऱ्या रंगाची कुळकथा मात्र ऐकण्याजोगी आहे. पूर्वी विलायतेत बिडाच्या शेगड्यांना ग्राफाइटचे काळे पॉलिश चोळण्याचा शिरस्ता होता. नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी सिलिकॉनच्या सेंद्रिय संयुगांवर कित्येक वर्षे खर्ची घातली, आणि त्यांतून व्यवहारोपयोगी असे काही निघण्याची आशा १९३७ साली स्वतःच जवळजवळ सोडली. पण त्याच संशोधनाच्या पायावर १९४३ मध्ये अमेरिकेत डाऊ कॉर्निंग ही सिलिकॉन बनविणारी कंपनी उभी राहिली. साध्या तैलरंगातील बंधक द्रव्य तापले की करपते. सिलिकॉन राळेचा सिलिकॉन-प्राणवायूचा सांगाडा मात्र तग धरतो, आणि म्हणून ती राळ घातलेले काळे रंग सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत निभावतात.

परंतु हा रंग नुसता वाळून पक्का होत नाही, तो तापवावा लागतो. चकचकीत धातू दिसेपर्यंत गंज काढून, तेलकटपणा पुसून, पातळ दोन हात द्यावेत, कारण जाड थराला फोड येतात. मग उघड्यावर शेगडी प्रथम मंद, थंड होऊ देऊन पुन्हा अधिक, अशी टप्प्याटप्प्याने पेटवावी. धूर निघतो, उग्र वास येतो, आणि कडक होण्यापूर्वी रंग एकदा मऊ पडतो. त्या मुदतीत त्यास बोट लावू नये. टाकीला हा रंग देण्याच्या फंदात पडू नये: तिथवर आवश्यक ती उष्णता पोचत नाही, रंग कच्चाच राहतो, आणि सांडलेल्या रॉकेलाने तो निघून येतो.

शेगडी पेटती असता एक खिडकी किलकिली ठेवावी आणि निजण्यापूर्वी ती न चुकता विझवावी. कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि लिटरभर रॉकेल जळाले म्हणजे सुमारे लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने खोलीत उतरते.