वाट पाहणारे आणि पैज लावणारे

रविवार, २ नोव्हेंबर २०२५. हा दिवस आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात असेल. नवी मुंबईच्या मैदानावर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, आणि रात्री उशिरा गल्लोगल्ली फटाके वाजले. पण त्याच रविवारी आपण पहाटेच्या साखरझोपेत होतो तेव्हापासून सकाळचा दुसरा चहा होईपर्यंत अमेरिका खंडात दोन वेगळे सोहळे रंगले होते. तिथे अजून शनिवारच चालू होता. कॅलिफोर्नियातल्या डेल मार रेसकोर्सवर फॉरएव्हर यंग नावाचा चार वर्षांचा घोडा 'ब्रीडर्स कप क्लासिक' जिंकला. ही शर्यत जिंकणारा जपानमध्ये तयार झालेला तो पहिला घोडा. त्यानंतर काही तासांनी कॅनडातल्या टोरांटोमध्ये बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा आणि निर्णायक सामना अकराव्या डावात संपला. शेवटचा चेंडू टाकणारा योशिनोबू यामामोतो, तोही जपानचाच.

एकाच दिवशी दोन खेळ आणि दोन तऱ्हेचे चाहते. अमेरिकेत ऑक्टोबर सरताना दोन्हीकडे डोळे लावून बसणारी बरीच मंडळी असतात. ही माणसं नेमकं काय पाहतात, कशासाठी जीव टाकतात आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे आज पाहू या.

आधी बेसबॉल. क्रिकेट ज्याला कळतं त्याला बेसबॉल कळायला पाच मिनिटं पुरतात. गोलंदाज, ज्याला तिथे पिचर म्हणतात, चेंडू टप्पा न पाडता थेट फेकतो. फलंदाजाने तो मारायचा आणि चौकोनाचे तीन कोपरे ओलांडून पुन्हा घरच्या कोपऱ्यावर यायचं, की झाली एक धाव. तीन गडी बाद झाले की दुसऱ्या संघाची पाळी. असे दोघांचे नऊ नऊ डाव. अनिर्णित हा प्रकार नाही. बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत खेळत राहायचं. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमधला तिसरा सामना असाच अठरा डाव चालला. साडेसहा तासांहून अधिक वेळ!

तीस संघ आहेत. पंधरा नॅशनल लीगमध्ये, पंधरा अमेरिकन लीगमध्ये. मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे सहा महिने जवळजवळ रोज सामना. चाहत्याच्या घरात तो जेवणाच्या ताटासारखा असतो. आज नाही आवडलं, तर उद्या आहेच. मग येतो ऑक्टोबर, आणि एकदम सगळं बदलतं.

१९०३ साली दोन लीगच्या विजेत्यांची पहिली वर्ल्ड सिरीज झाली आणि बोस्टनने ती जिंकली. पुढे १९६८ पर्यंत रीत सोपी होती. आपापल्या लीगमध्ये जो पहिला, तो थेट अंतिम लढतीत. १९६९ पासून मधे एक फेरी आली, १९९५ पासून आणखी एक. २०२२ पासून प्रत्येक लीगचे सहा, असे बारा संघ पुढे जातात. पहिली फेरी तीन सामन्यांची, दुसरी पाचांची, तिसरी सातांची आणि वर्ल्ड सिरीजही सातांची. प्रत्येक लीगच्या पहिल्या दोन संघांना पहिली फेरी माफ असते. बाकीच्यांना विजेतेपदासाठी तेरा विजय मिळवावे लागतात.

आता यातली गंमत बघा. उत्तम फलंदाजही दहांपैकी तीनदाच यशस्वी होतो. एखाद्या सामन्यात कोण जिंकेल हे म्हणूनच सांगता येत नाही. कोण खरा बलवान, हे कळायला १६२ सामने लागतात, आणि विजेता मात्र ठरतो पाच-सात सामन्यांच्या फेऱ्यांत. २००१ साली सिएटलच्या संघाने ११६ सामने जिंकून जुन्या विक्रमाशी बरोबरी केली, पण वर्ल्ड सिरीज गाठण्याआधीच तो गारद झाला. वर्षभर राबलेल्या शेतकऱ्याचं पीक एका रात्रीच्या गारपिटीत जावं, तशातला हा प्रकार. चाहत्याला हे ठाऊक असतं, तरी तो दरवर्षी पेरणीला तयार असतो.

बोस्टनचंच पाहा. १९१८ साली रेड सॉक्स संघ जिंकला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस त्याने बेब रूथ हा आपला हिरा न्यूयॉर्कच्या यँकीज संघाला विकला. त्यानंतर ८६ वर्षं विजेतेपद नाही. लोक म्हणू लागले, हा शाप आहे. १९८६ साली विजय एका चेंडूवर आला असताना तो निसटला, आणि त्याच सामन्यात एक साधा सरपटी चेंडू बिल बकनर या खेळाडूच्या दोन पायांमधून निघून गेला. २००४ साली यँकीजविरुद्ध बोस्टन ०-३ असा मागे होता. त्याआधी बेसबॉलमध्ये इथून कोणी परतलं नव्हतं. चौथ्या सामन्याच्या नवव्या डावातही बोस्टन एका धावेने पिछाडीवर. तिथे डेव्ह रॉबर्ट्सने जिवाच्या आकांताने धावून दुसरा कोपरा गाठला, बरोबरी झाली, आणि पुढचे चारही सामने बोस्टनने जिंकले. २७ ऑक्टोबरला खग्रास चंद्रग्रहण चालू असताना शाप सुटला. दुसऱ्या दिवशी अनेकांनी काय केलं? वर्तमानपत्रं आणि संघाची निशाणं घेऊन ते दफनभूमीत गेले आणि वडिलांच्या, आजोबांच्या थडग्यांवर ठेवून आले.

शिकागोच्या कब्ज संघाने तर १९०८ नंतर थेट २०१६ साली विजेतेपद मिळवलं. १०८ वर्षं. त्या वेळी रिगली फील्ड या जुन्या मैदानाच्या विटांच्या भिंतींवर लोकांनी रंगीत खडूंनी नावं लिहिली. त्यात वाट पाहता पाहता गेलेल्या आईवडिलांची नावं असंख्य होती. आपल्याकडे पंढरीची वारी जशी बापाकडून मुलाकडे येते, तसा तिथे संघ वारशाने येतो. तो निवडायचा नसतो, आणि सोडायचा तर मुळीच नसतो.

पण याच निष्ठेला एक काळी बाजू आहे. २००३ साली कब्ज वर्ल्ड सिरीजपासून फक्त पाच बळी दूर होते. एक चेंडू प्रेक्षकांच्या कठड्याकडे उडाला. तो पकडायला इतरांबरोबर एका तरुण चाहत्याने हात पुढे केला, चेंडू हाताला लागला आणि खेळाडूचा झेल हुकला. त्यानंतर संघ कोसळला. आठ धावा दिल्या त्या खेळाडूंनी, पण लोकांनी दोष दिला तो त्या एका माणसाला. त्याला पहाऱ्यात मैदानाबाहेर न्यावं लागलं, आणि पुढे कित्येक वर्षं तो लोकांच्या नजरेआड राहिला. २०१७ मध्ये संघाने त्याला विजेतेपदाची अंगठी दिली. चौदा वर्षांनी मागितलेली ती एक प्रकारे माफीच होती.

आता घोड्यांकडे वळू. अमेरिकेतल्या शर्यतींचा वसंत म्हणजे 'ट्रिपल क्राऊन'. मे-जूनमध्ये पाच-सहा आठवड्यांत तीन शर्यती होतात, केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट. त्या फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी. घोड्याला आयुष्यात ही संधी एकदाच. तिन्ही जिंकणारे आजवर तेराच. १९७३ साली सेक्रेटेरियटने बेलमाँट ३१ घोडे-लांबीने जिंकली होती. १९७८ नंतर तब्बल ३७ वर्षं कोणालाच हे जमलं नाही. २०१५ साली अमेरिकन फेरोने जमवलं, आणि २०१८ साली जस्टिफायने.

पण वेगवेगळ्या वयांचे, देशांचे आणि तऱ्हांचे घोडे एकत्र येणार कुठे? घोड्यांची पैदास करणारे जॉन गेन्स यांच्या कल्पनेतून १९८४ साली ब्रीडर्स कप सुरू झाला. पैदास करणाऱ्यांनीच वळू-घोड्यांसाठी आणि शिंगरांसाठी शुल्क भरायचं आणि त्यातून बक्षिसाची रक्कम उभी करायची, ही त्यामागची युक्ती. पहिल्या वर्षी सात शर्यती होत्या, आता दोन दिवसांत चौदा होतात. जागा दरवर्षी बदलू शकते. सगळ्यात मानाची 'क्लासिक', सव्वा मैलाची, सत्तर लाख डॉलरची. संपते मात्र दोन मिनिटांत.

दोन्ही खेळांच्या चाहत्यांमधला फरक इथे कळतो. बेसबॉलचा संघ शंभर वर्षं तोच असतो. घोडा तुमच्या आयुष्यात येतो आणि दोन-तीन वर्षांत निघूनही जातो. झेन्याटा नावाच्या घोडीची गोष्ट ऐका. सगळ्यांच्या मागे धावायचं आणि शेवटच्या वळणावर एकेकाला गाठायचं, ही तिची खोड. २००९ साली तिने क्लासिक जिंकली, असं करणारी ती पहिली घोडी. लागोपाठ १९ विजय. २०१० साली विसाव्या आणि शेवटच्या शर्यतीत ती पुन्हा मागून आली. अखेरच्या ढांगेपर्यंत सगळे श्वास रोखून होते, आणि ती ब्लेम नावाच्या घोड्याकडून फक्त एका मुंडीच्या अंतराने हरली. तिच्या चाहत्यांना १९ विजयांइतकाच हा एक पराभवही आठवतो. 'पुढच्या वर्षी बघू' असं म्हणायची सोयच नव्हती. फॉरएव्हर यंगला मात्र ती सोय मिळाली. २०२४ च्या केंटकी डर्बीत तो नाकभर अंतराने मागे पडून तिसरा आला, त्याच वर्षी क्लासिकमध्येही तिसरा. वर्षभराने त्याच डेल मारवर परतून त्याने बाजी मारली. जपानी चाहत्यांना किती आनंद झाला असेल, याची कल्पना करा.

आता मुद्दा पैजेचा. आपल्याकडे महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर गेलेल्यांना टोटची पद्धत माहीत असते. सगळ्यांचे पैसे एका कुंडात जमा होतात, ठरलेला हिस्सा कापला जातो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. अमेरिकेतही पूर्वापार हीच रीत. म्हणजे तुम्ही रेसकोर्सविरुद्ध नव्हे, तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या अक्कलहुशारीविरुद्ध खेळत असता. म्हणूनच रेसचा चाहता अभ्यासू. घोडा आधी किती अंतर धावला, माती की हिरवळ, वजन किती, जॉकी कोण, हे सगळं तो तपासतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानलं आहे. अर्थात, कौशल्य असलं म्हणून खिसा रिकामा होत नाही असं नाही!

बेसबॉलमध्ये मात्र पैज हे विषच मानलं गेलं. १९१९ ची वर्ल्ड सिरीज पैसे घेऊन हरल्याच्या आरोपावरून शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंना न्यायालयाने निर्दोष सोडलं, तरी १९२१ साली बेसबॉलच्या आयुक्तांनी आजन्म बंदी घातली. १९८९ साली पीट रोझ या विक्रमवीरालाही पैजांपायी बाहेर जावं लागलं. पण २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यांना खेळांवरच्या पैजा कायदेशीर करायची मोकळीक मिळाली. आता सामना कोण जिंकेल एवढ्यावरच नव्हे, तर पुढचा एक चेंडू कसा पडेल यावरही मोबाइलवरून पैसे लावता येतात. एक चेंडू मुद्दाम वाईट टाकला, तर सामना हरत नाही आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये, वर्ल्ड सिरीज संपून जेमतेम आठवडा झाला असताना, दोन पिचरवर नेमका हाच आरोप ठेवला गेला. त्यांनी तो नाकारला. पण लगेच एका चेंडूवरच्या पैजेला दोनशे डॉलरची मर्यादा घालण्यात आली. क्रिकेटमध्ये २००० साली आपण जे भोगलं, ते आठवलं की यातली कळ समजते. खेळ खरा आहे, हा विश्वास एकदा गेला की वाट पाहण्यालाच अर्थ उरत नाही.

रेसमध्ये किंमत मोजतो तो मुका जीव. कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता रेसकोर्सवर २०१८ च्या डिसेंबरअखेरीपासून तीन महिन्यांत वीसहून अधिक घोडे दगावले. शर्यती काही काळ थांबवाव्या लागल्या. त्याच २०१९ च्या ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये, लाखो लोक पाहत असताना, मंगोलियन ग्रूम या घोड्याचा पाय मोडला आणि त्याला गमवावं लागलं. लोकांचा रेटा वाढला. डिसेंबर २०२० मध्ये देशभरासाठी एक कायदा झाला, आणि जुलै २०२२ पासून धावपट्ट्या आणि घोड्यांच्या तपासण्या यांचे समान नियम लागू झाले. हे घडलं ते पाहणाऱ्यांनी प्रश्न विचारले म्हणून.

चाहत्याकडे चेंडूही नसतो आणि लगामही नसतो, पण अगदीच हात बांधून तो बसलेला नसतो. चुकलेल्या एका माणसाला माफ करणं, पैजेपायी खेळ विकला जात असेल तर ओरडणं, आणि मुक्या जनावराच्या बाजूने बोलणं हे त्याच्या हातात असतं.

त्या नोव्हेंबरात टोरांटोचा संघ विजेतेपदापासून फक्त दोन बळी दूर होता. १९९३ नंतरचं पहिलं विजेतेपद. तेवढ्यात फलंदाजीच्या क्रमात शेवटच्या नंबरावर येणाऱ्या मिगेल रोहासने चेंडू थेट प्रेक्षकांत धाडून बरोबरी केली. मग आदल्या रात्रीच ९६ चेंडू टाकलेला यामामोतो पुन्हा मैदानात उतरला, आणि लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी सामना ५-४ असा जिंकला. टोरांटोचे लोक गर्दीतून मूकपणे घरी गेले. पण मार्च आला की ते पुन्हा सामने पाहायला बसतील, या वेळी शेजारी एखादं नवं मूल घेऊन. बत्तीस वर्षं ज्यांनी वाट पाहिली, त्यांना आणखी एक वर्ष ते काय!